हप् म्हणणारा माणूस

कलेपुढे माणसाने प्राणाचीही पर्वा करू नये, असं खानझोडे काका नेहमी म्हणत. स्टेजवर जाण्याआधी ते चार वेळा बाथरूमला जाऊन येत, आणि पाचव्यांदा जाताना मला सांगत, "राजा, मी परत नाही आलो तर तुम्ही सुरू करून टाका."

आम्ही एका फार मोठ्या आयरिश लोकसंगीत बँडचा हुबेहूब प्रयोग करत असू. प्रयोग टॉमचा. टॉम माझ्या ऑफिसातला, आडनावाने आयरिश आणि बाकी सगळा न्यू जर्सीचा. मूळ बँडमधले बहुतेक जण आता हयात नाहीत, त्यामुळे तक्रार येण्याची शक्यता कमी होती. तरी पोस्टरवर बारीक अक्षरात 'मूळ बँडशी आमचा संबंध नाही' असं छापलेलं असे. आम्हाला पाहिल्यावर ते वाचायची गरज कुणाला पडत नसे. टॉम बँजो वाजवून गात असे, रेचल तांबडी दाढी लावून व्हायोलिन वाजवत असे, मी गिटारवर, आणि टिन व्हिसल नावाच्या पत्र्याच्या छोट्या बासरीवर सपाट टोपी घातलेले नागपूरचे अनंत खानझोडे.

काका एडिसनला राहत. टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअर लिहून निवृत्त झालेले. लहानपणी बासरी शिकलेले, त्यामुळे ही पत्र्याची भानगड त्यांनी पंधरा दिवसांत हातात बसवली होती. त्यांची भीती मात्र पंधरा वर्षांत गेली नाही. त्यांना ती घालवायचीही नव्हती. "ज्याला भीती वाटत नाही त्याचं वाजवणं ऐकायला काहून जायचं?" हे त्यांचं आवडतं वाक्य. मी म्हटलं, अशाने माणूस एखाद्या दिवशी स्टेजवरच आडवा होईल. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "दुसऱ्या धुनेआधी की नंतर?"

धुनांचा हिशेब असा होता. आयरिश नाचाच्या तीन धुना एकाला एक जोडून वाजवायच्या. प्रत्येक तीनदा, आणि मग न थांबता पुढचीत उडी. उडी कधी मारायची हे बासरीवाला तोंडातली बासरी काढून 'हप्!' असं ओरडून सांगतो. मूळ बँडमध्ये तोच सांगत असे, म्हणून आमच्यातही काकांनीच सांगायचं. इतर कुणी सांगितलं तर टॉमला तो अधर्म वाटे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी काकांचा फोन आला. तालमीला निघालेले काका रूट वन हायवेवरच्या, त्यांच्या जुन्या ऑफिससमोरच्या पेट्रोल पंपावरून बोलत होते. आपण ऑफिसला का आलो हे त्यांना कळत नव्हतं. ते ऑफिस पाडून तिथे गोदाम झाल्याला आठ वर्षं झाली होती. मी जाऊन पोचलो तेव्हा ते गाडीत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे वेगळं आहे, राजा. स्टेजवर वाटते ती भीती नाही ही. तिच्यात मजा असते थोडी."

असं तिसऱ्यांदा झालं होतं. मुलीला, मुक्ताला, त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं की तिने वाजवणं, गाडी, सगळं बंद केलं असतं. मार्चमधला प्रयोग तेवढा होऊ दे, मग मीच सांगतो, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल झालो. त्या दिवसापासून भिणारे दोघे झालो.

तालमीत ते कधी धून चुकत नसत. बोटांना सगळं पाठ होतं. कितव्यांदा वाजवतोय हे मात्र डोक्यातून निसटायला लागलं होतं. मग आम्ही एक युक्ती काढली. मी त्यांच्या शेजारीच बसत असे. तिसरी फेरी संपत आली की मी त्यांच्या बुटावर बूट दाबायचा, त्यांनी 'हप्' म्हणायचं. सहा आठवडे कुणाला पत्ता लागला नाही. प्रयोग शनिवारी दुपारी एका चर्चच्या हॉलमध्ये होता. त्या आठवड्यात टॉमला मूळ बँडचा कुठलासा जुना फोटो सापडला. त्यात गिटारवाला दुसऱ्या टोकाला बसलेला होता. हॉलवर पोचलो तर खुर्च्या फोटोप्रमाणे लागलेल्या. मी टॉमला बाजूला घेऊन विनवलं. तो म्हणाला की इतिहासाशी खेळ करणं त्याला जमणार नाही. इतिहासाने घातलेली टोपी त्याने मॉलमधून आणली होती.

काकांनी खुर्च्या पाहिल्या. पाचव्यांदा बाथरूमला गेले नाहीत. तिथेच मी खरा घाबरलो.

पहिली धून तीनदा झाली. चौथ्यांदा झाली. पाचव्यांदा सुरू झाली तेव्हा रेचलने दाढीवरून टॉमकडे पाहिलं, आणि टॉमने, इतिहासावर श्रद्धा असल्यामुळे, काकांकडे. लोक टाळ्यांचा ठेका धरून बसले होते. तसली आनंदी धून भीतीने वाजवली की आपोआप जलद होते. सातव्या फेरीला माझं मनगट भरून आलं. एक 'हप्' मला म्हणता आलं असतं. ते म्हटलं तर सगळं उघड होईल, या विचाराने मी गप्प राहिलो. तिसऱ्या रांगेत मुक्ता हसऱ्या चेहऱ्याने फोनवर व्हिडिओ काढत होती. आठव्या फेरीला तिने फोन खाली घेतला.

काकांनी बासरी तोंडातून काढली. 'हप्' आलं नाही. एकेक करून आम्ही सगळे थांबलो. काकांनी टोपी काढली, लोकांकडे बघून आपल्या साध्या नागपुरी इंग्रजीत सांगितलं, पुढे काय आहे ते मी विसरलो. मग स्टेजभर नजर फिरवून मला शोधलं.

"सांग ना राजा. पुढे काय?"

मला पुढची धून गुणगुणावी लागली. चार सूर झाले आणि त्यांनी मान हलवली, टोपी घातली. उरलेल्या दोन्ही धुना त्यांनी अशा वाजवल्या की मला साथ करायचं सुचेना. लोक उभे राहिले.

मागच्या खोलीत मुक्ता आली. वडिलांचा कोट त्यांच्या खांद्यावर टाकला आणि मला विचारलं, "दादा, तुला कधीपासून माहीत होतं?" हिवाळ्यापासून, असं मी सांगितलं. एरवी ती माझ्याशी इंग्रजीत बोलायची. काका मध्ये पडले, "त्याला बोलू नको. मी भ्यायलो होतो." तिने हात पुढे केला. काकांनी तिच्या हातात गाडीची किल्ली ठेवली.

परवा ती त्यांना आमच्या प्रयोगाला घेऊन आली होती. आता त्यांच्या जागी डेनिस म्हणून एक जण वाजवतो. पहिल्या धुनेनंतर डेनिस थांबला, टोपी काढली, विसरलो म्हणाला. मी गुणगुणलो. प्रयोग संपल्यावर काकांनी माझा हात धरला. मी कोण हे त्यांना नीट आठवत नव्हतं, पण काळजी वाटत होती. "तो मधेच विसरला ना? फार घाबरला असेल बिचारा."

डेनिस घाबरलेला नव्हता. फोन खाली घेतल्यावरही चालूच राहिलेला मुक्ताचा व्हिडिओ टॉमने मागून घेतला होता, आणि आता प्रयोगाच्या यादीत त्या विसरण्याला पंचेचाळीस सेकंद दिलेले आहेत.