हिरवं दिसल्यानंतर

बोईसरच्या आमच्या ऑफिसात वेबसाइटवर नवं अपडेट सोडायचं काम एका मुलीकडे आहे. ती शिरगावच्या मच्छीमार घरातली. अपडेट जाण्याआधी कॉम्प्युटर आपोआप सगळ्या टेस्ट चालवतो. पडद्यावर सगळं ठीक असल्याचं हिरवं दिसलं की आम्ही चहाला उठतो. ती बसूनच राहते. प्रोग्रामच्या आपल्या कॉपीतली एखादी ओळ मुद्दाम बिघडवते आणि टेस्ट लाल होते का ते बघते.

"आमचं बाबा जालं शिवल्यावर ओढून बघतात," म्हणते.

परवा साहेबांना फार घाई होती. तिने पैसे भरायच्या पानाची ओळ बिघडवली, तरी पडदा हिरवाच. टेस्ट काही तपासतच नव्हती. साहेब खुर्ची ओढून बसले.

ती मात्र उठली. "भोक गावलं," म्हणाली, "चला, आता चहा."