रेशनकार्डावरचं नाव

इस्लामपुरात साकूबीकडून बांगड्या भरून घेतल्या नाहीत अशी बाई शोधून सापडली नसती. दुष्काळात विजापूरकडून नवऱ्यामागं आलेली ही मणेरीण, पंचेचाळीस वर्षं गावातल्या बायकांचे हात दाबत आली होती. बांगडी मनगटात उतरेपर्यंत ती समोरचीच्या घरातलं सगळं काढून घ्यायची आणि स्वतःबद्दल चकार शब्द सांगायची नाही.

चौऱ्याण्णव साली तिची नात मुबश्शिरा कॉलेजातून आली ती कादंबरी लिहायलाच बसली. विजापूर सोडून आलेल्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांची कादंबरी. सून जरिना धास्तावली. आपल्या करपलेल्या भाकरी आता छापून येणार, असं ती धरूनच चालली. साकूबी मात्र जाम खूश होती. रोज दुपारी दुकानाची फळी अर्धी लावून ती ऐकायला बसायची.

पहिल्याच प्रकरणात नातीनं लिहिलं होतं, की साकूबी हे नाव साकीवरून आलं. पूर्वज सुलतानाच्या दरबारात सरबत वाटत असत. म्हातारीला हसता हसता ठसका लागला. तिच्या बापानं उभ्या जन्मात कुणाला फुकट पाणी पाजलं नव्हतं.

पण सांगलीच्या वाचनालयाच्या स्पर्धेला कादंबरी पिंकी मणेर या नावानं पाठवणार, असं नातीनं सांगितलं आणि साकूबीचं हसणं थांबलं. मुबश्शिरा कुणाला लिहिता येत नाही, शाळेत हजेरी घेताना सगळे मास्तर अडखळायचे, असं पोरीचं म्हणणं. साकूबीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग तिनं कधी न सांगितलेलं सांगितलं.

रेशनकार्ड काढायला गेली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. कारकुनानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. चौथ्यांदा विचारल्यावर ती वैतागून कानडीत म्हणाली, साकू. म्हणजे पुरे. त्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि लिहून मोकळा झाला, साकूबी. मग मतदारयादीत तेच आलं, आणि पुढं नवराही त्याच नावानं हाक मारायला लागला.

"मग तुझं खरं नाव काय?" नातीनं विचारलं.

"तुला दिलं की. माझ्याकडं न वापरता पडलं हुतं, कोरं करकरीत. आता तू बी टाकून देनार व्हय?"

पोरगी वही उचलून आत गेली. पण एसटीनं दोघी सांगलीला गेल्या तेव्हा वहीवर पिंकी खोडलेलं होतं.

वाचनालयाच्या खिडकीतल्या कारकुनानं पावतीवर मुबशिरा लिहिलं, खोडून मुब्शीरा केलं, आणि पेन ठेवून विचारलं, एखादं सोपं नाव चालेल का. नात ओशाळली. असू द्या, पिंकीच लिहा, असं ती पुटपुटायला लागली, तेवढ्यात साकूबीनं खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं.

"हात सैल सोडा, सायेब. ताठ धरला की शिरत न्हाई."

बांगडी चढवावी तशी एकेक अक्षर सांगत तिनं त्याच्याकडून नाव लिहून घेतलं, श ला श जोडून. मागं रांग तटली होती, तिची तिला फिकीर नव्हती. कारकून घाम पुसत म्हणाला, "आज्जी, आता पुरे का?"

तिनं पावती नातीला वाचायला लावली. एकदा, आणि परत एकदा, मोठ्यानं. मग मनगट सोडलं.

"व्हय," ती म्हणाली, "आता साकू."