मुबारकबीची साक्ष

सात नंबरच्या वॉर्डात मुबारकबीला ठाऊक नाही असं घर नव्हतं, आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवायची सवय तिला कधी लागलीच नाही. मणेरीण ती. बांगड्यांची टोपली घेऊन सकाळी मारवाड्यांच्या माडीवर, दुपारी मोच्यांच्या गल्लीत, उन्हं कलताना पद्मशाल्यांच्या मागांपाशी. दर गल्लीची बोली वेगळी, देव वेगळा, मनगटं मात्र सगळी हिच्या हातातली. बांगड्या भरून झाल्या की बाया हिला वाकून नमस्कार करत. त्याचा तिला भारी तोरा होता.

चौऱ्याहत्तर साली नगरपालिकेची निवडणूक आली. मेंबरचा माणूस मच्छिंद्र मतदारयादी घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"चाची, बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. तुमी संगं चला, तुमीच सांगा."

आपल्यावाचून सरकारचं अडलं, अशा थाटात ती निघाली. नवऱ्यांची नावं सांगितली, आणि न विचारता पुढचंही सांगितलं. पद्मशाल्यांची साळूबाई बाळंतपणाला भिंगारला गेलीय. तिच्या शेजारचा भिवंडीला मागावर असतो. मच्छिंद्र मान डोलवायचा आणि तांबडी पेन्सिल ओढायचा. पद्मशाल्यांच्या घरांच्या ओळीत ती पेन्सिल फारच चालली. मुबारकबी त्या रेघांकडं बघत राहिली, पण काय लिहितोस, असं विचारलं नाही. वाचता येत नाही हे कबूल करायची तिला लाज वाटली.

ती ओळ पालिकेच्या पडीक जागेवर उभी होती आणि मेंबरचा त्या जागेवर डोळा होता, हे शेंबडं पोरही जाणत होतं. इथं राहतो म्हणून दाखवायला त्या माणसांपाशी यादीतल्या नावाशिवाय कागद नव्हता.

मतदानादिवशी मुबारकबी सकाळीच मत देऊन आली. दुपारी पद्मशाल्यांच्या बाया मत न देताच परतल्या. नावापुढं शेरा होता, गाव सोडून गेले. चौथ्या दिवशी पालिकेची माणसं त्यांच्या दारांवर चुन्याच्या फुल्या मारून गेली.

साळूबाई तान्हं घेऊन उंबऱ्यात बसली होती. मुबारकबीनं टोपली खाली ठेवली.

"चाची, मी गाव सोडलं म्हून तुमी सांगितलं?"

"बाळंतपनाला गेली म्हनले गं. खोटं न्हाई सांगितलं."

साळूबाईनं तिच्या डाव्या हाताच्या बोटावरची शाई पाहिली. अजून काळीभोर होती. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"पाडायला कवा येत्यात, त्येबी सांगितलं आसंल की तुमाला."

मुबारकबीनं टोपली उचलली. त्या दिवशी ओळीतून एकही हात पुढं आला नाही.