इजिप्तबाहेर न चालणारी चांदी

भाव करायला मी जुन्या बाजारात शिकलो, वडिलांच्या भंगाराच्या गाडीवर. मग इंजिनिअर होऊन जर्मनीत झिंडेलफिंगेनला आलो आणि स्वतःचाच भाव करता येईना. पगारवाढ मागितली तेव्हा साहेब हसून म्हणाले, "पगाराचं नंतर बघू. आधी परमिट वाढू दे. त्याला माझं पत्र लागतं ना?" परमिटवर कंपनीचं नाव छापलेलं. नोकरी सुटली की देश सुटला.

साहेबांना जुन्या नाण्यांचा नाद. एकदा फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, त्यांनी माझी घासाघीस ऐकली आणि माझे शनिवार गेले. फ्रँकफर्टच्या नाणेबाजारात मी पुढे, ते मागे. फुकट. नाही म्हणायची सोय नव्हती.

एका शनिवारी त्यांना अलेक्झांड्रियाचं चांदीचं नाणं हवं होतं. रोमन बादशहाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. मला टेबलाशी उभं करून ते कॉफी आणायला गेले. मी नाणं तळहातावर तोललं.

"यात तांबंच जास्त आहे," मी म्हाताऱ्या व्यापाऱ्याला म्हणालो.

"गेनाऊ! अगदी बरोबर. रोमनांनी तसंच पाडलं. इजिप्तमध्ये हेच चालवायचं, अशी सक्ती. हद्दीबाहेर नेलं तर कोण घेणार?"

"मग मीच कशाला घेऊ एवढ्याला?"

म्हातारा खदखदून हसला. "तुम्ही मला भिकेला लावाल! त्यापेक्षा माझ्याकडेच कामाला या. तुमचा साहेब देतो त्याहून जास्त देईन."

या देशात माझा भाव कुणी आपणहून सांगितला, तो हा पहिलाच.

"परमिटवर त्यांचं नाव आहे," मी म्हणालो. म्हाताऱ्याने मान हलवली आणि विषय सोडला.

तेवढ्यात साहेब आले. "आल्झो, मग, कितीवर आणलंत?"

माझी कानशिलं तापली. "सांगितलेला भाव रास्त आहे. द्या."

म्हातारा खोकला. शेजारच्या टेबलावर साहेबांचे ओळखीचे लोक होते. त्यांच्यासमोर स्वतः घासाघीस करणं त्यांना जमेना. पूर्ण पैसे मोजले.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "आज बरं नाही का तुम्हाला?"

"उत्तम आहे."

पत्र त्यांनी दिलं, पण एकाच वर्षाचं. पगार तोच. पुढच्या शनिवारी सकाळी त्यांची गाडी दाराशी येऊन थांबली. मी खिडकीतून पाहिलं, दोन शिव्या घातल्या, कोट चढवला आणि खाली उतरलो.