ताईंच्या खिडकीतला अनंत

आज सकाळी रावेतच्या आमच्या बाल्कनीत अनंत उमलला आणि त्याचा वास थेट स्वयंपाकघरात आला. चहा गाळता गाळता मी एकदम बऱ्याच वर्षांपूर्वीच्या कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसलो.

हे रोप कुडाळकडच्या मालतीताईंचं. आमची ओळख फोनवरच्या बागवाल्यांच्या ग्रुपमधली. प्रत्यक्ष भेट कधीच नाही. केळीच्या ओल्या सोपात गुंडाळलेली फांदी त्यांनी एसटीने वल्लभनगर स्टँडवर पाठवली होती. रोज सकाळी त्या परसातल्या फुलांचा फोटो टाकायच्या आणि प्रत्येक फोटोत कडेला खिडकीचा गज यायचा.

त्या दिवशी चाकणला तळेगाव चौकात बस अडकली होती. बाहेर कंटेनरची रांग आणि धूर, हातातल्या फोनवर ताईंचा पांढराशुभ्र अनंत. शेजारचा सुनील वाकून बघत म्हणाला, "फूल भारीये राव, पण मध्ये गज कशाला? बाहेर जाऊन काढा म्हणावं."

मी हसत तसंच लिहिलं. ताईंचा व्हॉइस मेसेज आला, आवाज जरा धाप लागलेला. "इथनंच बरं दिसतं रे झिला. तू ये एकदा, तू काढ बाहेरनं."

झाडांना पाणी घालून दमल्या असतील, असं मला वाटलं. "दिवाळीच्या सुट्टीत येतो," म्हणालो.

दिवाळीआधीच त्यांच्या मुलीने ग्रुपवर कळवलं, आई गेली. कितीतरी दिवस ती अंथरुणावरच होती. फुलं दिसावीत म्हणून तिची खाट खिडकीशी लावली होती.

आज फोटो काढायला मी बाल्कनीत गेलो नाही. आतूनच काढला, खिडकीच्या गजासकट.