इंदूमावशीच्या चाळीस साड्या

इंदूमावशी माणसाचा चेहरा नंतर बघायची, आधी बाही. पहिल्या भेटीत तिने माझं मनगट धरलं, कुर्त्याची बाही उजेडात फिरवली आणि म्हणाली, "कोपर घासलंय. टेबलावर वाकून लिहितेस. काय लिहितेस गं एवढं?" मी हात सोडवून घेतला. मी पत्रकं लिहिते हे तिला सांगायचं काही कारण नव्हतं. मालकाच्या गोटातलं माणूस प्रश्न विचारायला लागलं की तोंड बंद ठेवायचं, हे दिल्लीत मुनिरकातल्या भाड्याच्या खोलीत आम्ही मैत्रिणी एकमेकींना रोज बजावत असू.

दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. मूळ कादंबरी काळीकुट्ट. इंग्रजांच्या काळातली तागाची गिरणी, बाहेरून कडी घातलेला दरवाजा, आत आग आणि आत बायका. गर्दीत उभं राहायला चाळीस जणी घेतल्या होत्या. बहुतेक जणी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातून नुकत्याच काढून टाकलेल्या कंत्राटी कामगार. त्यांची संघटना बांधायची म्हणून मीही त्या गर्दीत नाव घातलं. तिथे नुसती सोनेरी धूळ उडवायला एक वेगळा माणूस होता. गरिबी इतकी देखणी करून दाखवतात याचाच मला संताप यायचा.

मावशीचं काम नव्या साड्या जुन्या करायचं. नवरा फौजेत हवालदार, साताऱ्याकडचा. छावणीत वर्दीची शिलाई करता करता ती या धंद्यात आली आणि नवरा गेल्यावरही दिल्लीतच राहिली. साडी चहाच्या पाण्यात उकळायची, काठ किसणीवर घासायची, पदराला काहीतरी काळपट, चिकट चोळायची. "नवं कापड बघितलं की मला शंकाच येते," असं म्हणायची. "त्यात कुणी काही काम केलेलंच नसतं बघ."

मला शंका यायची ती तिची. एका सकाळी दिग्दर्शकाने जाहीर केलं की आग संगणकावर दाखवायची नाही, खरी लावायची, ज्वाळा बायकांच्या मागेच हव्यात. आमच्यात कुजबुज सुरू झाली. त्या दिवशी मावशी दोनदा मॅनेजरच्या खोलीत गेली. बाहेर आली ती आमच्याकडे बघत, बोटाने मोजत, वहीत काहीतरी लिहीत. कोण कुठे उभी राहते ते टिपत होती. मी जाऊन सरळ विचारलं. "तुझ्या कामाचं नाही, पोरी," म्हणाली. "तू पदर खोचून उभी राहा, बस."

मला आणखी पुरावा नको होता. कुरकुर करणाऱ्या बायकांची नावं वर पोचत आहेत, हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी मी हिंदीत पत्रक काढून वाटलं. कामगार बायकांना तेलकट, घाणेरड्या साड्या नेसवून त्यांचा अपमान केला जातो, आम्हाला धुतलेले कपडे मिळालेच पाहिजेत. आणि खाली ठळक अक्षरात, कपडेवाली इंदूमावशी ही मालकाची हेर आहे, तिच्यापासून सावध राहा.

मावशीने ते उभ्याउभ्या, चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. मला वाटलं, आता भांडेल. तिने नुसतं विचारलं, "अजून आहेत का? चारएक दे."

त्याच दुपारी शेडमागे मोठमोठी पातेली चुलीवर चढली. धुण्याचा सोडा घालून चाळीसच्या चाळीस साड्या मावशीने उकळून काढल्या. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली, साड्या फिक्कट पांढुरक्या झाल्या. मॅनेजर ओरडत आला तेव्हा तिने पत्रक त्याच्या हातात ठेवलं आणि बायकांची मागणी आहे, हंगामा नको म्हणून धुतल्या, असं सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला विजय होता.

शूटिंग पुढे ढकलणं त्यांना परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मावशीने साड्या ओलसरच नेसवल्या. बायका वैतागल्या, मीही वैतागले. ज्वाळा भडकल्या, वरून एक ठिणगी आमच्यातल्या रेखाच्या पदरावर पडली, छोटंसं भोक पाडून तिथेच विझली. संध्याकाळी, साड्या वाया घालवल्या म्हणून मावशीला कामावरून काढलं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नंतर रेखाने तो पदर मला दाखवला तेव्हा मात्र काहीतरी टोचायला लागलं. मावशीचा पत्ता काढून मी छावणीजवळच्या तिच्या खोलीवर गेले. तिने आधी माझी बाही बघितली, मग पाणी दिलं. मग ट्रंकेतून नमुना म्हणून आधीच कापून ठेवलेला, न धुतलेला साडीचा एक तुकडा काढला, चिमट्यात धरून मोरीत नेला आणि काडी लावली. तो भप्पकन पेटला आणि खाली थेंब थेंब गळत जळत राहिला.

"मेण," ती म्हणाली. "मळ दिसायला मेण लागतं. आग खरी असणार हे मला कुठे माहीत होतं? दोनदा सांगून आले. मॅनेजर म्हणाला, मावशी, आग लांब आहे. मग मी मोजलं, कोण किती जवळ उभी आहे ते."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"पत्रक काढलं असतं," मी म्हणाले.

"बिल्कुल," ती म्हणाली. "आणि त्यांनी तुम्हाला काढून दुसऱ्या चाळीस जणी आणल्या असत्या. साड्या त्याच." मग तिने चिमटा धुऊन जागेवर ठेवला. "बायका बदलता येतात यार. साड्या नव्हत्या बदलता येत एका दिवसात."

हेर हा शब्द मी परत घेते म्हणाले. तिने हात झटकला. त्या शब्दामुळेच मॅनेजरला आमचं साटंलोटं असल्याचा संशय आला नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

सिनेमा मी गुरुग्राममध्ये पाहिला. आगीपुढच्या त्या फिक्कट साड्यांचं सगळीकडे कौतुक झालं. काळ्या गिरणीत पांढऱ्या बायका ही दिग्दर्शकाची दृष्टी आहे, असं छापून आलं. शेवटी नावांची पट्टी आली. मी उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. सोनेरी धूळ उडवणाऱ्याचं नाव होतं. इंदूमावशीचं नव्हतं.

तिचं नाव छापलेला एकच कागद आहे, आणि तो मी लिहिलेला आहे.