अक्कांनी निवडलेले टायर

अक्कांचं माझ्याशी शेवटचं बोलणं झालं ते टायरांवरून. ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. दारातल्या पिकअपकडं बघून म्हणाल्या, "मागची टायरं पार गुळगुळीत झाली की गं. पावसाच्या आत बदला म्हणावं भावजीला." मी हो म्हणाले आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत... झोपेतच गेल्या. आता महिना होत आला.

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. त्यांचे मालक लवकर गेले, तेव्हापासून घर त्यांच्या शब्दावर चालायचं. आमचं घर शेतात आहे. डांबरी रस्ता गाठायला काळ्या रानातली पांदण ओलांडावी लागते, आणि पाऊस झाला की ती पायातली चप्पलसुद्धा सोडत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात गाडी तिथंच रुतली. बैल जोडून ओढून काढेपर्यंत उशीर झाला. बाळ हाती लागलं नाही. त्यावर घरात कुणी बोललं नाही. अक्का तेवढ्या रोज माझ्याजवळ येऊन निजायच्या.

दुसऱ्या खेपेला दिवस भरणार होते ऐन भादव्यात. मागचे टायर तेव्हाही बदलायचे होते. माझे मालक मानवतच्या बाजाराला भाडं घेऊन जायचे. डांबरीवर जास्त टिकतात म्हणून त्यांना बारीक नक्षीचे हवे होते. अक्का म्हणाल्या, "मी येते दुकानात. हिलाबी घ्या." आणि निघताना त्यांनी शेतातली काळी माती भाकरीच्या पिठासारखी मळून डब्यात भरली. दुकानदारानं मोबाईलवर बर्फातून जाणारी गाडी दाखवली. "मावशी, ह्या टायरवर बर्फात गाडी चालते. चिखलाचं काय घेऊन बसलात?"

"बर्फाचं पाणी होतंय बाबा. आमची माती तशी जात न्हाई, खाचंत बसली की चाक जागीच फिरतंय," असं म्हणून अक्कांनी डबा उघडला आणि त्या बारीक नक्षीत माती दाबून भरली. टायर फिरवला, आपटला, माती हलली नाही. मग मोठ्या खाचांच्या टायरात भरली. पहिल्याच आपटण्यात गोळे फरशीवर पडले.

"वैनी, दुकान सारवायला आलाव का?" हे म्हणाले. दुकानदारही हसला. म्हणाला, "पण हे डांबरीवर लय आवाज करतंय."

"करू दे. हिच्या कळांपुढं त्याचा काय आवाज."

तेच टायर घेतले. रस्त्यानं सारखी घरघर. हे चिडवायचे, "वैनी, तुमचं जातं दळायलंय." अक्का म्हणायच्या, "दळू दे, पीठ मी खाते."

भादव्यात भर दुपारी कळा सुरू झाल्या. गाडीत मागं गादी टाकली, वर ताडपत्री, माझं डोकं अक्कांच्या मांडीवर. पांदणीत गाडी घसरली तशी मी डोळे मिटून घेतले. पत्र्यावर चिखलाचे गोळे थाडथाड आदळत होते. अक्का कानाशी वाकून म्हणाल्या, "ऐक... माती उडायलीय. टायर सोडायलंय तिला." मी तो आवाज ऐकत राहिले. डांबरी लागली तेव्हा अक्का रडत होत्या. मुलगी झाली, आता शाळेत जाते.

पुढं आसपासच्या वस्त्यांवरून कुणालाही कळा आल्या की आमचीच गाडी जायची, आणि मागं गादीवर अक्का. कुणी बोलवायची वाट त्यांनी कधी बघितली नाही.

परवा माझे मालक टायर आणायला निघाले. म्हणाले, "आता बारीक नक्षीचेच आणतो. आपल्या घरात कोण बाळंत व्हायचंय?" मी परक्या माणसासमोर बोलत नाही, दुकानात तर नाहीच. तरी गाडीत जाऊन बसले. दुकानात दोनदा तोंड उघडून मिटलं. तिसऱ्यांदा शब्द निघाले, "मोठ्या खाचांचे द्या." यांनी माझ्याकडं बघितलं. मग खिशातून पैसे काढले.

येताना शेजारच्या वस्तीवर गाडी थांबवायला लावली. तिथली सून अवघडलेली आहे, पावसाळ्यातच दिवस भरतील. तिची सासू म्हणाली, "आता अक्का न्हाईत... पोरीसंगं मागं कोण बसंल?"

"मी बसते," मी म्हणाले.